रीमास्टर्ड ‘ग्रेटेस्ट हिट्स’ विकत घ्यावा का? क्लासिक रॉक ऐकणाऱ्यांसाठी पायरी-पायरीने

क्लासिक रॉक बँडांची तीच ती वीस गाणी दर काही वर्षांनी नव्या वेष्टनात बाजारात येतात. वर ‘डिजिटली रीमास्टर्ड’ असा स्टिकर, आत जुनाच फोटो नव्याने छापलेला, आणि किंमत नव्या अल्बमची. त्या स्टिकरवरून आवाज सुधारलाय की बिघडलाय, यातलं काहीच कळत नाही. जुन्या टेपवर कुणीतरी पुन्हा काम केलं, एवढाच त्याचा अर्थ. ते काम कुणी केलं, कोणत्या हेतूनं केलं आणि त्यात गाण्यांची काटछाट झाली का, हे मात्र घरबसल्या शोधता येतं. त्याला तासभरही लागत नाही आणि बहुतेक वेळा पैसे वाचतात.

पहिली पायरी: तुमच्या हातात नेमकं काय आहे?

स्टुडिओत ड्रम, बेस, गिटार, गायन वेगवेगळ्या ट्रॅकवर रेकॉर्ड होतं. ते एकत्र करून दोन चॅनेलचं स्टिरिओ गाणं बनवणं म्हणजे मिक्सिंग. त्या तयार मिक्समधला बेस-ट्रेबलचा तोल, आवाजाची पातळी, दोन गाण्यांमधलं अंतर ठरवून ते एलपी किंवा सीडीसाठी सिद्ध करणं म्हणजे मास्टरिंग. रीमास्टरमध्ये फक्त ही शेवटची पायरी पुन्हा होते. रीमिक्समध्ये मात्र थेट मूळ ट्रॅकपर्यंत मागे जाऊन गाणं नव्यानं जुळवलं जातं. आणि री-रेकॉर्डिंग म्हणजे बँडनं (किंवा बँडमधल्या उरलेल्यांनी) तेच गाणं पुन्हा वाजवलेलं असतं.

दुकानात हे तिन्ही प्रकार एकाच रांगेत उभे असतात. बीटल्सचा ‘१’ घ्या. नोव्हेंबर २०००मध्ये आलेल्या या संग्रहात २७ गाणी होती आणि ती रीमास्टर केलेली होती. २०१५मध्ये तोच अल्बम त्याच नावानं, त्याच गाण्यांसह पुन्हा आला, पण या वेळी जाइल्स मार्टिन या निर्मात्यानं गाणी रीमिक्स केली होती. मुखपृष्ठावरून फरक कळणं कठीण, कानांना मात्र लगेच कळतो. डोअर्सच्या २००७च्या ‘व्हेरी बेस्ट ऑफ’मध्येही जुनी मिक्स नाहीत, तेव्हा नव्यानं केलेली आहेत. त्यातली एक दुरुस्ती खरोखर मोलाची: ‘लाइट माय फायर’ मूळ स्टिरिओ अल्बमवर किंचित मंद गतीनं वाजत असे, ती गती सुधारली गेली. अर्थात चाळीस वर्षं मंद गतीचंच गाणं ऐकलेल्यांना ती दुरुस्ती खटकली तर त्यांचंही चुकत नाही.

रीमिक्स वाईटच असतो असं नाही. बीटल्सची १९६३पर्यंतची बरीच गाणी दोनच ट्रॅकवर रेकॉर्ड झाली आहेत. स्टिरिओत ऐकलं की गायन एका कानात आणि वाद्यं दुसऱ्या कानात. स्पीकरवर ते खपून जातं, हेडफोनवर डोकं उठतं. चित्रपट दिग्दर्शक पीटर जॅक्सनच्या चमूनं बनवलेल्या ‘माल’ या सॉफ्टवेअरनं एकाच ट्रॅकवर चिकटलेली वाद्यं वेगळी काढता येऊ लागली, आणि बीटल्सच्या ‘लाल’ आणि ‘निळा’ या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या दोन संग्रहांच्या २०२३च्या आवृत्त्यांत ही सुरुवातीची गाणी नव्यानं मिक्स झाली. हेडफोनवर ऐकणाऱ्यानं हे संग्रह जरूर ऐकावेत. उलट उदाहरण झीझी टॉपचं. १९८७च्या ‘सिक्सपॅक’ संचात त्यांचे सत्तरच्या दशकातले अल्बम ऐंशीच्या दशकातल्या ड्रमच्या आवाजानं रीमिक्स करून दिले. धुळकट टेक्सास ब्लूजला डिस्कोथेकचे ड्रम! पुढे कित्येक वर्षं सीडीवर बहुतांशी हेच मिळत राहिलं.

री-रेकॉर्डिंगपासून मात्र चार हात लांब राहा. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, अशातली गत असते. पोलीस या बँडच्या १९८६च्या ‘द सिंगल्स’ संग्रहात ‘डोन्ट स्टँड सो क्लोज टू मी’ हे मूळ गाणं नव्हतंच, त्याच वर्षी पुन्हा केलेलं संथ रूप होतं. जर्नीनं २००८मध्ये अर्नेल पिनेडा या नव्या गायकाकडून जुनी हिट गाणी पुन्हा गाऊन घेतली. गायक उत्तम आहे, पण तुमच्या कॅसेटवरचा आवाज स्टीव्ह पेरीचा होता. कंपनीशी हक्कांवरून बिनसलं की काही बँड आपलीच गाणी पुन्हा रेकॉर्ड करतात, कारण नव्या रेकॉर्डिंगचे हक्क त्यांच्याकडे राहतात. त्यांच्या दृष्टीनं ते रास्तच आहे. पण ऐकणाऱ्यानं जाणून घ्यावं. मागच्या बाजूची बारीक अक्षरं वाचा. वर्तुळातल्या ‘पी’पुढे (रेकॉर्डिंगच्या हक्कांचं चिन्ह) फक्त अलीकडचं वर्ष असेल, मूळ काळातलं एकही वर्ष नसेल आणि कंपनीचं नाव अनोळखी असेल, तर शंका घ्यायला जागा आहे.

दुसरी पायरी: हा बँड ‘हिट्स’चा आहे का?

माझ्या मते निम्मा निर्णय इथेच होतो, आवाजाची चर्चा त्यानंतर.

क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हल हा सिंगल्सचा, म्हणजे सुट्या विकल्या जाणाऱ्या गाण्यांचा बँड. दोन-तीन मिनिटांची, रेडिओसाठी घडवलेली गाणी. पाच वेळा अमेरिकेच्या सिंगल्सच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोचले, पहिला क्रमांक एकदाही मिळाला नाही. त्यांचा १९७६चा ‘क्रॉनिकल’ वीस गाण्यांचा आहे आणि बहुतेकांना आयुष्यभर तो पुरतो. क्वीनचंही तसंच. १९८१चा त्यांचा ‘ग्रेटेस्ट हिट्स’ ब्रिटनमध्ये सर्वांत जास्त खपलेला अल्बम आहे, २०२२मध्ये त्यानं तिथे ७० लाखांचा टप्पा ओलांडला. (फारुख बलसारा पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत ‘द हेक्टिक्स’ नावाच्या पोरासोरांच्या बँडमध्ये पियानो वाजवायचा, हे आपल्याकडे सगळ्यांना पाठ असतं. पुढे फ्रेडी मर्क्युरी झालेल्या त्या मुलाचा हा संग्रह ऐकलेले मात्र त्या मानानं कमी भेटतात.)

पिंक फ्लॉइडची गोष्ट वेगळी. त्यांचे अल्बम सलग ऐकायला बनवलेले, एक गाणं दुसऱ्यात मिसळत जाणारे. २००१च्या ‘एकोज’ संग्रहात २६ गाणी दोन सीडींवर बसवण्यासाठी साडेतेवीस मिनिटांचं ‘एकोज’ सुमारे साडेसोळा मिनिटांवर आणलं. काम जेम्स गथ्रीसारख्या त्यांच्याच जुन्या इंजिनिअरचं, जोड कुठे आहे ते ऐकू येत नाही. तरी सात मिनिटं गेली ती गेलीच. फ्लॉइडसाठी संग्रहावर पैसे घालू नका, एक पूर्ण अल्बम घ्या. लेड झेपेलिनबद्दलही मी हेच म्हणेन, जरी २००७चा ‘मदरशिप’ निवडीच्या दृष्टीनं चांगला असला तरी. ‘स्टेअरवे टू हेवन’ त्या काळी विक्रीसाठी सिंगल म्हणून कधी निघालंच नाही. गाणं हवं तर अल्बम घ्या, हाच त्यांचा आग्रह होता. एसी/डीसीनं तर रीतसर ग्रेटेस्ट हिट्स काढलेलाच नाही. २०१०चा ‘आयर्न मॅन २’चा साउंडट्रॅक त्यांच्या जुन्या गाण्यांचा होता, बऱ्याच जणांनी तोच संग्रह समजून घेतला.

ईगल्सचा सापळा भारतीय ऐकणाऱ्यांसाठी खास आहे. त्यांचा ‘देअर ग्रेटेस्ट हिट्स १९७१–१९७५’ अमेरिकेतल्या सर्वाधिक खपाच्या अल्बमपैकी एक, २०१८मध्ये त्याला ३८ पट प्लॅटिनमचं प्रमाणपत्र मिळालं. पण तो फेब्रुवारी १९७६मध्ये आला आणि ‘हॉटेल कॅलिफोर्निया’ अल्बम डिसेंबर १९७६मध्ये. म्हणजे ज्या एका गाण्यासाठी आपल्याकडचे लोक ईगल्स घेतात, ते गाणं या संग्रहात नाही! ते हवं असेल तर १९८२चा दुसरा खंड किंवा २००३चा ‘व्हेरी बेस्ट ऑफ’ बघा.

रोलिंग स्टोन्सच्या बाबतीत मालकी बघावी लागते. १९६०च्या दशकातली त्यांची रेकॉर्डिंग अ‍ॅब्को या कंपनीकडे, नंतरची बँडकडे. म्हणून ‘हॉट रॉक्स’ १९७१पाशी थांबतो, आणि दोन्ही काळातली गाणी एकत्र यायला २००२चा ‘फोर्टी लिक्स’ उजाडावा लागला.

तिसरी पायरी: गाण्यांच्या वेळा जुळवा

संग्रहातली यादी घ्या आणि प्रत्येक गाण्यापुढे मूळ अल्बममधली वेळ लिहा. चार-पाच सेकंदांचा फरक सोडून द्या, शेवटचा फेड (आवाज हळूहळू विरत जाणं) थोडा अलीकडे घेतलेला असतो. अर्ध्या मिनिटाहून जास्त तफावत दिसली तर ती सिंगलसाठी कापलेली आवृत्ती समजा. क्वीनच्या संग्रहातलं ‘फॅट बॉटम्ड गर्ल्स’ अल्बमपेक्षा पाऊण मिनिटाहून अधिक छोटं आहे. एरोस्मिथच्या १९८०च्या ग्रेटेस्ट हिट्समध्ये ‘स्वीट इमोशन’सह बऱ्याच गाण्यांना कात्री लागली आहे.

देशानुसार यादी बदलते, हेही इथेच तपासा. क्वीनच्या १९८१च्या अमेरिकी आवृत्तीत ‘अंडर प्रेशर’ होतं, ब्रिटिश आवृत्तीत नव्हतं. तिथे ते १९९१च्या दुसऱ्या खंडात आलं. परदेशातून येणाऱ्या नातेवाइकाला नुसतं ‘क्वीनचा ग्रेटेस्ट हिट्स आण’ असं सांगू नका, बारकोडचा फोटो पाठवा.

चौथी पायरी: आवाज मोठा आहे की चांगला?

रीमास्टरविषयीचे सगळे वाद या प्रश्नापाशी येऊन थांबतात, म्हणून जरा सविस्तर.

सीडीवर आवाजाला एक कमाल मर्यादा असते, तिच्या वर काहीच जाऊ शकत नाही. ऐंशीच्या दशकातल्या सीडींवर ड्रमचा सर्वांत जोरकस ठोका त्या मर्यादेजवळ जायचा आणि बाकीचं गाणं बरंच खाली असायचं. नव्वदच्या दशकात कंपन्यांना वाटलं, आपली सीडी शेजारच्या सीडीपेक्षा मोठ्यानं वाजली पाहिजे. मर्यादा तर वाढवता येत नाही. मग कॉम्प्रेसर आणि लिमिटर लावून ड्रमचे ठोके खाली दाबायचे आणि सगळं गाणं वर उचलायचं. गाणं सतत मोठ्यानं वाजतं, पण हळू आणि जोरात यांतला फरक नाहीसा होतो. २००८मध्ये मेटालिकाच्या ‘डेथ मॅग्नेटिक’वर चाहतेच चिडले, कारण गिटार हीरो या व्हिडिओ गेममधली तीच गाणी सीडीपेक्षा कमी दाबलेली आणि जास्त मोकळी वाजत होती. जुन्या बँडांचे अनेक रीमास्टर याच काळातले आहेत.

अडचण अशी की आपल्या कानांना थोडा मोठा आवाज नेहमी ‘चांगला’ वाटतो. व्हॉल्यूमचं बटण एकाच जागी ठेवून दोन्ही आवृत्त्या लावल्या की मोठ्यानं वाजणारं रीमास्टर जिंकणारच. म्हणून तुलना करताना आधी दोन्हींची पातळी सारखी करा. स्ट्रीमिंगवर हे फुकटात जमतं. स्पॉटिफायच्या सेटिंगमध्ये ऑडिओ नॉर्मलायझेशन (गाण्यांची पातळी सारखी करणारी सोय) चालू ठेवा, पातळी ‘नॉर्मल’ निवडा. ‘लाउड’ नको, तिथे वेगळा लिमिटर मध्ये येतो. मग एकाच गाण्याच्या दोन आवृत्त्या एका प्लेलिस्टमध्ये एकाखाली एक टाका. प्लेलिस्टमध्ये प्रत्येक गाणं सुटं सारख्या पातळीवर आणलं जातं. पूर्ण अल्बम लावला तर अख्ख्या अल्बमचा एकत्र हिशेब होतो आणि तुलना बिघडते. अ‍ॅपल म्युझिकवर याच कामासाठी ‘साउंड चेक’ आहे. तिथे डॉल्बी अ‍ॅटमॉस (चहूबाजूंनी आवाज येण्याची सोय) बंद करायला विसरू नका, अ‍ॅटमॉस म्हणजे वेगळं मिक्सच असतं.

आता ऐकायचं काय? ‘स्टेअरवे टू हेवन’ची सुरुवात लावा, व्हॉल्यूमला हात न लावता शेवटच्या गिटार सोलोपर्यंत जा. सुरुवात हळू आणि शेवट अंगावर येणारा असा फरक टिकलाय का? ‘बोहेमियन रॅप्सडी’मध्ये पियानोच्या भागानंतर आणि ऑपेराच्या भागानंतर जड गिटार येते, ती उसळून येते की आधीच्याच उंचीवर येते? स्नेअर ड्रमचा ठोका टणत्कारतो की पुठ्ठ्यावर मारल्यासारखा बसतो? सिंबलचा (ड्रमसोबतच्या झांजेचा) आवाज झिरपत विरतो की मध्येच तुटतो? शेवटी गाणं विरत जाताना टेपची मंद खरखर ऐकू येते का, तेही बघा. खरखर पूर्ण नाहीशी झाली असेल तर नॉइज रिडक्शन (खरखर काढायची प्रक्रिया) जोरात लावलंय, आणि खरखरीबरोबर सिंबलची चमकही थोडी जाते. खरखर ऐकू येणं हा दोष नाही.

तीस-चाळीस सेकंदांचे तुकडेच ऐका. घरातल्या कुणाला तरी बटण दाबायला सांगा आणि कुठलं कोणतं ते न बघता निवड करा. तीन गाण्यांत तुम्हाला फरक सांगता आला नाही, तर खरेदीचा विषय संपला.

फाइल हाताशी असेल तर मोजूनही बघता येतं. ऑडॅसिटी या मोफत सॉफ्टवेअरमध्ये गाणं उघडा. लाटांमध्ये उंच सुळके आणि खाली मोकळी जागा दिसली तर ठीक. वरखाली सपाट कापलेली वीट दिसली तर गाणं दाबलेलं आहे. फूबार२००० या प्लेअरला डीआर मीटर, म्हणजे हळू आणि जोरात यांतला फरक आकड्यात मोजणारं साधन, जोडता येतो. ढोबळमानानं ऐंशीच्या दशकातल्या रॉक सीडींचा आकडा ११ ते १४च्या आसपास येतो, फार दाबलेल्या रीमास्टरचा ६ ते ८. पण आकड्याची पूजा करू नका. आकडा चांगला असून ट्रेबल कर्कश असू शकतो. शिवाय एलपीवरून उतरवलेल्या फाइलींचा आकडा फुगून येतो, त्याची सीडीच्या आकड्याशी तुलना करण्यात अर्थ नाही.

एक सवलत मात्र द्यायला हवी. तुम्ही मुख्यतः गाडीत किंवा लोकलमध्ये ऐकत असाल तर थोडं दाबलेलं रीमास्टर सोयीचंच पडतं. गाण्याचा हळू भाग गोंगाटात बुडत नाही.

पाचवी पायरी: काम कुणी केलं?

पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर मास्टरिंग इंजिनिअरचं नाव असतं. नाव असेल तर निदान कुणीतरी जबाबदारी घेतलेली आहे. बॉब लडविग, जॉर्ज मरिनो, बर्नी ग्रंडमन, केव्हिन ग्रे ही नावं दिसली तर आशा धरायला हरकत नाही. क्वीनची २०११ची रीमास्टर लडविगची. झेपेलिनची १९९०ची जिमी पेजनं मरिनोला सोबत घेऊन केली, २०१४पासूनची जॉन डेव्हिससोबत.

रीमास्टरमुळे खरा फायदा कधी होतो? आधीची सीडी चुकीच्या टेपवरून बनली असेल तेव्हा. सुरुवातीच्या अनेक सीडी एलपी कापण्यासाठी तयार केलेल्या नकल टेपांवरून काढल्या गेल्या, त्यांत एलपीच्या गरजेनुसार बेस आणि ट्रेबल आधीच बदललेले होते. पुढे मूळ टेप शोधून त्यावरून काम झालं असेल तर फरक खराखुरा असतो. ‘मूळ मास्टर टेपवरून’ असं स्पष्ट लिहिलंय का बघा. नुसत्या ‘२४ बिट’ किंवा ‘हाय-रेझ’वर जाऊ नका. दाबलेलं मास्टरिंग मोठ्या फाइलमध्येही दाबलेलंच राहतं.

मोठ्या आवाजाचा हव्यास डिजिटलमुळे जन्मला असं मात्र नाही. १९६९मध्ये लडविगनं ‘लेड झेपेलिन २’ची एलपी इतकी जोरकस कापली की स्वस्त प्लेअरवर सुई उडाली, आणि कंपनीनं ती पुन्हा सौम्य कापून घेतली, असा किस्सा लडविगच सांगतो. आतल्या काठावर ‘आरएल’ कोरलेली ती पहिली एलपी आज संग्राहक भरमसाट किंमत देऊन घेतात.

सहावी पायरी: एलपी घेत असाल तर मिनिटं मोजा

एका बाजूला वीस-बावीस मिनिटांपर्यंत एलपी निवांत असते. त्यापुढे खाचा जवळजवळ घ्याव्या लागतात, आवाज खाली येतो, बेस पातळ होतो. क्वीनचा सतरा गाण्यांचा संग्रह सुमारे ५८ मिनिटांचा, म्हणजे एकाच एलपीवर दर बाजूला जवळपास २९ मिनिटं. दोन एलपींवर पसरलेली आवृत्ती मिळत असेल तरच घ्या. ‘अ‍ॅनालॉग’ या शब्दासाठी जास्त पैसे मोजताना २०२२ आठवा. मोबाइल फिडेलिटी या नावाजलेल्या कंपनीच्या एलपींच्या निर्मितीत बरीच वर्षं एक डिजिटल टप्पा होता, हे तेव्हा उघड झालं. त्या एलपी वाजायला छानच होत्या, पण लोकांनी पैसे दिले होते ते अ‍ॅनालॉगचे.

सातवी पायरी: घरातलं आधी बाहेर काढा

मुंबईत काळा घोड्याचं ऱ्हिदम हाऊस २०१६मध्ये बंद झालं. तिथून आणि तशा दुकानांतून घेतलेल्या सीडी अनेक घरांत अजून पडून आहेत. स्ट्रीमिंगवर बहुधा नवं रीमास्टरच मिळतं, जुनं मास्टरिंग तिथून हळूहळू काढलं जातं. म्हणजे १९८७ची तुमची ओरखडे पडलेली सीडी ही कदाचित तुमच्याकडची सर्वांत मोकळी वाजणारी आवृत्ती असेल. नवं घेण्याआधी ती कॉम्प्युटरवर एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी या सॉफ्टवेअरनं फ्लॅक फाइलमध्ये (आवाज न गमावता साठवणारा प्रकार) उतरवा आणि चौथ्या पायरीतली तुलना तिच्याशी करा. कॅसेटचं तसं नाही. कॅसेट आठवणीसाठी ठेवा, कारण आवाजात कुठलंही बरं रीमास्टर तिला मागे टाकेल.

संग्रहाच्या शेवटी घातलेली ‘दोन नवी गाणी’ हे बहुतेक वेळा जुन्या चाहत्याचा खिसा रिकामा करायचं आमिष असतं. ‘फोर्टी लिक्स’मधली चार नवी गाणी आज कितीजणांच्या लक्षात आहेत? अपवाद म्हणजे टॉम पेटीचा १९९३चा ग्रेटेस्ट हिट्स. त्यातलं नवं ‘मेरी जेन्स लास्ट डान्स’ जुन्यांच्या मांडीला मांडी लावून बसतं.

बँड पहिल्यांदाच ऐकणाऱ्या भाच्याला किंवा मुलीला काय द्यावं, असं कुणी विचारलं तर माझं उत्तर ठरलेलं आहे: क्रीडन्सचा ‘क्रॉनिकल’, क्वीनचा पहिला खंड २०११च्या मास्टरिंगमधला, आणि हेडफोनवर ऐकणार असेल तर बीटल्सचे २०२३चे लाल-निळे. ज्याच्याकडे या बँडांचे तीन-चार अल्बम आधीच आहेत त्यानं यातलं काही घेऊ नये. त्यानं त्याच पैशांत न ऐकलेला एक पूर्ण अल्बम घ्यावा.